पाचवं कारण

नवी गाडी पूजेला आणणारा यजमान माझ्यापाशी एकच मागणं मागतो: गाडीला काही होऊ नये. मी वाईत पौरोहित्य करतो. दसरा, पाडवा आणि अक्षय्य तृतीया या दिवशी ढोल्या गणपतीच्या देवळाच्या आसपास नव्या गाड्यांची रांग लागते. चार चाकांखाली चार लिंबं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे झेंडूचा हार, स्टिअरिंगला नाडा, नारळ, पेढे. संकल्प होतो, गाडी लिंबांवरून पुढे सरकते, पोरं टाळ्या वाजवतात. यात मला काही खोटं वाटत नाही. हप्ते फेडण्याची तयारी ठेवून घरात आणलेल्या वस्तूला माणसाने हात जोडले, तर त्यात हसण्यासारखं काय आहे?

खटकतं ते त्यानंतरचं. पूजा झाली की गाडी देवदर्शनाला निघते, बहुधा पसरणी घाटाने पाचगणी-महाबळेश्वरकडे किंवा मांढरदेवला. चालवायला यजमान, शेजारी वहिनी, वहिनींच्या मांडीवर वर्ष-दीड वर्षाचं बाळ. बाळाच्या गालाला काजळाची तीट, मनगटात काळे मणी. मागे आजी-आजोबा, आणि दोन पुढच्या सीटांच्या फटीत, समोरचा रस्ता दिसावा म्हणून उभा राहिलेला चार-पाच वर्षांचा दादा. बेल्ट एकट्या चालवणाऱ्याला, तोही पोलिसाच्या धाकाने. मागचे बेल्ट नव्या सीटकव्हरखाली गडप झालेले. बाळाला दृष्ट लागू नये याची तजवीज आहे, धक्का लागू नये याची नाही. मी काही बोललो तर उत्तर ठरलेलं असतं: “गुरुजी, देव आहे की वर. आणि नशिबात असेल ते कुणाला चुकलंय?”

हे वाक्य मला झटकून टाकता येत नाही, कारण ते आम्हीच लोकांच्या तोंडी दिलंय. दैव, प्रारब्ध, संचित हे शब्द कथा-कीर्तनातून आणि पूजा-श्राद्धातून आम्हीच घरोघरी पोचवले. तेव्हा त्यांचा असा वापर शास्त्राला मान्य आहे का, हे सांगण्याची जबाबदारीही आमच्यावरच येते.

पण त्याआधी प्रत्यक्ष काय घडतं ते बघायला हवं. माझी मुलगी पुण्यात लहान मुलांच्या वॉर्डात सिस्टर आहे. सणाला घरी आली की पूजेच्या ठिकाणी येते आणि लोक गाडीचा रंग बघत असतात तेव्हा ही आत डोकावते. “बाबा, मांडी म्हणजे सीट नव्हे,” हे तिचं पालुपद. गाडी ताशी ५० किलोमीटरने जाऊन कशावर आदळली तर गाडी थांबते; आतलं माणूस थांबत नाही. ते त्याच वेगाने पुढे जात राहतं, कशाने तरी अडवेपर्यंत. हा वेग म्हणजे साधारण दहा मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून पडल्यावर जमिनीला टेकताना असतो तेवढा. दहा किलोचं बाळ एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबवायचं तर आईच्या हातांवर १४० किलो वजनाइतकी ओढ येते. माया कितीही असली तरी हात तेवढे पेलत नाहीत. आईने स्वतः बेल्ट लावलेला नसेल तर तिचं शरीर मागून येतं आणि बाळ तिच्या आणि डॅशबोर्डच्या मध्ये सापडतं. दोघांभोवती मिळून एकच बेल्ट घेतला, तर आईचं सगळं वजन त्या पट्ट्यावाटे बाळाच्या पोटात जातं.

लहान मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी आवृत्ती नव्हे, हेही मला तिच्याकडूनच कळलं. जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथ्या हिश्शाइतकं असतं. मोठ्या माणसाचं सातव्या-आठव्या हिश्शाइतकं. ते जड डोकं कोवळ्या मानेवर पुढे झेपावतं. म्हणूनच तान्ह्या बाळाची सीट गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून लावतात. धक्का सगळ्या पाठीवर वाटला जातो, मानेवर येत नाही. पाच-सहा वर्षांच्या मुलाचं निराळं. त्याच्या कमरेच्या हाडाचे पुढचे कोपरे अजून नीट तयार झालेले नसतात. मोठ्यांचा बेल्ट तिथे अडकत नाही, सरकून पोटावर चढतो. अपघातानंतर असं मूल कधीकधी चालत येतं, बोलतं, बिस्कीटही मागतं. सिस्टर शर्ट वर करते तेव्हा बेंबीच्या वर आडवा, निळसर-लाल पट्टा उमटलेला दिसतो. तो दिसला की डॉक्टर मुलाला घरी सोडत नाहीत, कारण आतडं फाटल्याचं किंवा मणका मोडल्याचं कधीकधी काही तासांनी उमगतं. यावर उपाय बेल्ट काढून टाकणं नव्हे. मुलाला उंच करणारी बूस्टर सीट घ्यायची, म्हणजे पट्टा मांडीच्या मुळाशी आणि खांद्यावर बसतो. उंची १४५ सेंटिमीटरच्या आसपास झाली की मोठ्यांचा बेल्ट चालतो.

आता एक वस्तू जवळून दाखवतो. पूजेच्या शेवटी यजमान छोटा गणपती पुढे करतात, संगमरवरी नाहीतर पितळी, खाली दुहेरी चिकटपट्टी लावलेला. “गुरुजी, तुमच्या हाताने बसवा.” जागा ठरलेली: डॅशबोर्डची डावी बाजू, जिथे आई बाळाला घेऊन बसणार त्याच्या बरोबर समोर. नीट पाहिलं तर तिथे प्लॅस्टिकमध्ये एक बारीक चौकोनी रेघ असते आणि कोपऱ्यात ‘एअरबॅग’ अशी इंग्रजी अक्षरं उठवलेली असतात. ते झाकण आहे. टक्कर झाली की ते फाटतं आणि एअरबॅग ताशी अडीचशे-तीनशे किलोमीटरच्या वेगाने, पापणी लवायच्या आत बाहेर येते. मोठ्या, बेल्ट लावलेल्या माणसाची छाती आणि तोंड वाचवायला ती केलेली आहे. मांडीवरच्या बाळाचं डोकं नेमकं तिच्या वाटेत येतं. अमेरिकेत १९९०च्या दशकात अगदी हळू टकरींतसुद्धा अशी मुलं दगावली, आणि त्यानंतर मुलांना मागेच बसवण्याचा आग्रह सुरू झाला. त्या झाकणावर चिकटवलेला पितळी गणपती कुणाच्या दिशेने उडेल याचा हिशेब करायला ज्योतिष लागत नाही. सूर्यप्रकाश अडवायची जी फळी असते तिच्यावर याच धोक्याचं चित्र छापलेलं असतं, आणि आपण तिच्यावर शोरूमवाल्याने दिलेला बालाजीचा फोटो अडकवतो.

हे सगळं ऐकून यजमान म्हणतात, “आमच्या लहानपणी कुठे होतं हो हे? आम्ही ट्रॉलीत बसून जेजुरीला जायचो. काय झालं?” काही झालं नाही, खरं आहे. पण ज्यांना काही झालं ते हे वाक्य बोलायला उरले नाहीत. शिवाय तेव्हाचा ट्रॅक्टर किती पळायचा आणि आज खंबाटकी घाटाचा बोगदा ओलांडून उतारावरून येणारी गाडी किती पळते, हा फरक उरतोच. वेग दुप्पट झाला की आदळण्याची ताकद चौपट होते.

आता शास्त्राकडे येऊ. गीतेच्या अठराव्या अध्यायात भगवंतांनी कोणत्याही कर्माच्या सिद्धीची पाच कारणं सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव यादीत आहे, मी ते खोडत नाही. पण ते पाचवं आहे. अधिष्ठान म्हणजे आधार. भाष्यकार त्याचा अर्थ शरीर असा घेतात. कर्ता म्हणजे करणारा. करण म्हणजे साधनं. भाष्यकार तिथे इंद्रियं धरतात, मी त्यांत ब्रेक, टायर आणि बेल्टही धरतो. चेष्टा म्हणजे नाना प्रकारच्या हालचाली. वेग, ओव्हरटेक, एका हाताने उचललेला फोन हे सगळं त्यात आलं. आता ही यादी मांडीवरच्या बाळाला लावून बघा. बाळाच्या वाट्याला फक्त अधिष्ठान आलंय, ते जड डोक्याचं आणि कोवळ्या मानेचं शरीर. कर्ता बाप आहे, साधनं बापाच्या ताब्यात आहेत, चेष्टा बापाच्या आहेत. पाचांपैकी तीन कारणं ज्याच्या मुठीत आहेत तो माणूस पाचव्याकडे बोट दाखवतो.

आणखी एक गोष्ट. ही यादी सांगितल्यावर लगेच भगवंत म्हणतात की जो स्वतःलाच एकटा कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही. म्हणजे यशाचा ताठा उतरावा म्हणून ही यादी दिली आहे. नफा झाला की तो माझ्या कर्तबगारीने आणि अपघात झाला की तो दैवाने, असा हिशेब गीतेत नाही. आपण यादी उलटी धरली: अहंकार काढायला दिलेली गोष्ट जबाबदारी काढायला वापरली.

योगवासिष्ठात वसिष्ठ तरुण रामाला सांगतात की दैव म्हणजे दुसरं काही नसून आपलाच पूर्वीचा प्रयत्न, आणि आजचा प्रयत्न त्याच्याशी दोन एडक्यांसारखा झुंजतो. जो बलवान तो जिंकतो. मला हे पटतं, पण लहान मुलापाशी येऊन मी अडतो. आजचा प्रयत्न करायला ते पोर समर्थच नाही. त्याचा एडका कुणीतरी दुसऱ्याने पोसायचा आहे. दैव आणि पुरुषार्थ यांचा सगळा वाद मोठ्या, शहाण्या माणसाला समोर धरून झालेला आहे. मोठ्या माणसाने स्वतःपुरतं म्हणावं, “माझं व्हायचं ते होवो, मी बेल्ट लावत नाही.” तो मूर्खपणा असेल, पण निदान पणाला लावलेलं डोकं त्याचं स्वतःचं आहे. दुसऱ्याच्या वतीने, त्याला न विचारता, नशिबावर भार टाकण्याचा अधिकार मला कुठल्याही ग्रंथात सापडलेला नाही.

कुणी म्हणेल, बाळाचंही प्रारब्ध असतंच. पूर्वजन्मीचं असेल काही. मी पुनर्जन्म मानतो, तेव्हा हा प्रश्न मला टाळता येत नाही. माझं उत्तर असं: असं कर्माचं खातं आहे, पण ते वाचायची सोय आपल्याला दिलेली नाही. जे वाचता येत नाही ते कारण म्हणून पुढे करता येत नाही. आणि क्षणभर धरून चालू की बाळाच्या प्रारब्धात दुखापत होतीच. तरी त्या दुखापतीला निमित्त झाल्याचं कर्म कुणाचं? ते जुनं नाही, आजचं आहे, क्रियमाण आहे, आणि ते मांडीवर घेणाऱ्याच्या नि वेगाने चालवणाऱ्याच्या नावावर चढतं. प्रारब्धाचा सिद्धांत पुरता लावला तर तो पालकाला मोकळं करत नाही, उलट अधिक बांधतो. लोक अर्धाच लावतात.

मनुस्मृतीचं नाव मी सहसा काढत नाही. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९२७ साली महाडला तिचं दहन झालं, ते का झालं हे तिच्यातले वर्णावर ठरणारे दंड वाचणाऱ्या कुणालाही कळावं. पण आठव्या अध्यायात रथाच्या अपघातांचा एक छोटा भाग आहे, तो इथे कामाचा आहे. वेसण तुटली, जू मोडलं, आस किंवा चाक मोडलं, लगाम तुटला, किंवा चालकाने “बाजूला व्हा” असं ओरडून सांगितलं होतं, अशा वेळी दंड नाही. पण सारथ्याच्या अडाणीपणाने रथ रस्ता सोडून गेला तर मालकाला दोनशे ‘पण’ (त्या काळचं नाणं) दंड. सारथी कुशल असूनही घडलं तर दंड सारथ्याला. आणि सारथी अकुशल असेल तर रथात बसलेल्या प्रत्येकाला शंभर पण! म्हणजे न येणाऱ्याच्या हाती लगाम आहे हे दिसत असताना तुम्ही आत बसलातच का, हा सवाल तेव्हाही होता. इतक्या जुन्या काळीही दुर्घटना आणि हलगर्जी यांत फरक केला जात होता, आणि त्या सगळ्या भागात नशिबाला साक्षीला बोलावलेलं नाही. आजचा कायदा तेच बोलतो: २०१९च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा मुलांच्या सीटशिवाय गाडीतून नेलं तर १,००० रुपये दंड.

इथपर्यंत मी गाडीवाल्यांशी बोललो, आणि गाडीवाल्यांना उपदेश करणं सोपं असतं. पण वाईच्या आसपासच्या गावांतून माणसं दुचाकीवर येतात. पुढे पेट्रोलच्या टाकीवर एक पोर, मागे आई, मधे चिमटलेलं दुसरं. ब्रेक लागला की पुढच्याचं तोंड हँडलवर आपटतं, वरून बापाचं वजन येतं. पाठीमागे पाय लोंबकळत सोडून बसलेल्या पोराची टाच चाकाच्या तारांत जाते. आईच्या साडीचा पदर चाकात जातो तो वेगळाच. स्कूटरवर पुढे उभं केलेलं पोर, किल्ली तशीच ठेवून बाप दूध आणायला उतरला की, मूठ पिळतं. शाळेच्या रिक्षात पोरं आणि दप्तरं मोजायला गेलं तर आकडा सांगायची लाज वाटते. केंद्र सरकारने १५ फेब्रुवारी २०२२ला नियम काढला आणि तो वर्षभराने लागू झाला: दुचाकीवर ९ महिने ते ४ वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी जोडणारा पट्टा, डोक्याला हेल्मेट, आणि वेग ताशी ४०च्या आत. नियम चांगला आहे. पण आमच्या बाजारपेठेत लहान मुलाचं हेल्मेट मागून बघा, दुकानदार खेळण्यांकडे बोट दाखवतो.

या माणसांनी “नशीब” म्हटलं तर मी वाद घालत नाही. त्यांच्या तोंडी त्या शब्दाचा अर्थ “दुसरी सोय नाही” असा असतो. वेळेवर एसटी नाही, शाळेची बस नाही, चौघांचं तिकीट परवडत नाही. इथे कर्ता एकटा बाप उरत नाही. रस्ता करणारा, बस बंद करणारा, रिक्षा कोंबून भरू देणारा, हे सगळे त्या पाच कारणांत येऊन बसतात. त्यांनी मात्र “दैव” हा शब्द उच्चारू नये. आणि ज्याच्याकडे दहा-बारा लाखांची गाडी आहे, सनरूफ आहे, त्यातून पोराला अर्धं बाहेर काढून पसरणी घाटात त्याची रील काढायला वेळ आहे, त्याने तर मुळीच नाही.

त्या शब्दाची खरी जागा कुठे आहे ते मी पाहिलंय. रस्त्यावर मूल गेलेल्या एका घरी मला बोलावलं होतं. लहान मुलाच्या मृत्यूला शास्त्राने विधी फार थोडे ठेवलेत. मुंजीआधी गेलेल्याचं सुतकही तीनच दिवसांचं. म्हणजे पुरोहिताला करण्यासारखं काही नसतं, नुसतं बसायचं. बाप म्हणाला, “गुरुजी, तेवढंच आयुष्य घेऊन आला होता ना तो?” मी हो म्हणालो. मूल मांडीवर होतं हे मला ठाऊक होतं आणि त्या माणसाला माझ्याहून जास्त ठाऊक होतं. माझ्या मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “बरोबर केलंत.” दैव हा शब्द घडून गेल्यानंतरचा आहे. माणसाने उरलेलं आयुष्य जगावं म्हणून तो दिलाय. तोच शब्द गाडी सुरू करताना उच्चारला तर तो सांत्वन राहत नाही, आधीच काढून ठेवलेली सबब होते.

म्हणून पूजेत मी थोडा फरक केलाय. संकल्पाआधी विचारतो, मूल कुठे बसणार? मागचे बेल्ट कव्हरखालून बाहेर काढायला लावतो आणि आजी-आजोबांसकट सगळ्यांचे लागल्याशिवाय गाडी लिंबांवर घेऊ देत नाही. गणपती झाकणावर बसवत नाही; पूजा करून देव्हाऱ्यात ठेवायला देतो. काही यजमान चिडतात. एकजण म्हणाला, “गुरुजी, तुम्ही पूजा सांगा, आरटीओ होऊ नका.” माझ्याबरोबरचे एक ज्येष्ठ भटजी म्हणतात, “अशाने गिऱ्हाईक तुटेल तुझं.” थोडं तुटलंही. त्यांना मी इतकंच म्हणतो की दक्षिणा रक्षणाची घेतो, तर रक्षणाचे चार शब्द बोलले पाहिजेत. यजमानाच्या वतीने देवाकडे मागणं मागताना, यजमानाच्या हातात असलेलं त्याने केलंय का, हे विचारणं पूजेच्या बाहेरचं कसं? स्वतःच्या वाट्याचं काम बाजूला ठेवून देवाला कामाला लावणं याला मी श्रद्धा म्हणत नाही.

तेव्हा गाडी घेतलीत तर जरूर या. मुहूर्त काढून देतो, लिंबं-नारळही मीच आणतो. पोराची सीट तेवढी तुम्ही आणा, आणि येतानाच त्याला तीत बसवून आणा.